हे चलन माझं नाही

शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जो कोणी यायचा, त्याला व्हर्लीन टब्ज यांची सही हवी असायची. दूधवाला, पाववाला, गोठवलेल्या कोंबडीचा ट्रक, गॅस तपासणारा. बावीस वर्षं बाई त्या दाराशी सह्या करत आल्या होत्या. म्हणून त्या मंगळवारी, मक्याचे पाव भट्टीतून काढायच्या गडबडीत दार वाजलं, तेव्हा बाईंनी खिशातलं पेन काढतच दार उघडलं.

"व्हर्लीन टब्ज?"

"हो बाळा. कुठे करू?"

निळ्या टोपीतल्या माणसाने घडी घातलेले कागद त्यांच्या हातात ठेवले. "सही नको, मॅम. तुम्हाला मिळाले, एवढंच." आणि तो दुधाच्या रिकाम्या क्रेटना वळसा घालून चालायला लागला.

बाई हातात पेन धरून तशाच उभ्या राहिल्या. त्या दाराशी काहीतरी देऊन सही न घेता गेलेला तो पहिलाच माणूस.

मुलांची जेवणं उरकेपर्यंत कागद एप्रनच्या खिशात राहिले. मग बाईंनी हात पुसले, डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि भांड्यांच्या सिंकपाशी उभ्याने वाचायला सुरुवात केली. समन्स होतं. नॉर्थब्लफ रिकव्हरी विरुद्ध व्हर्लीन टब्ज. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला, सोमवारी, सकाळी नऊ वाजता मेम्फिसच्या कोर्टात हजर व्हायचं. मागणी चार हजार तीनशे अठरा डॉलरची.

"कोण हा नॉर्थब्लफ?" रोझेटाने खांद्यावरून डोकावून विचारलं. रोझेटा तिथलीच, भाज्यांच्या बाजूची. पंधरा वर्षांची मैत्री. "नवीन गडी पकडलास आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"मी हे नाव आयुष्यात ऐकलेलं नाही."

रोझेटाने रकमेवर बोट ठेवलं आणि तिचं हसू मावळलं. "अगं, वसुलीवाले आहेत हे. माझ्या वेळी दुसऱ्या नावाचे होते. मी गेलेच नाही कोर्टात. म्हटलं, जाऊन काय सांगणार? पैसे नाहीत हेच ना? ते तर त्यांना आधीच माहीत आहे."

"मग?"

"मग काय! नाव पुकारलं, मी नव्हते, एकतर्फी निकाल. पगारावर जप्ती. चौदा महिने चौथा हिस्सा परस्पर गेला. पगाराची स्लिप हातात आली की आधी रडून घ्यायचे, मग वाचायचे."

बाईंच्या मनात आकडे आपोआप मांडले जात होते. शाळेचा पगार दहा महिन्यांचा. जून आणि जुलै कोरडे. त्या दोन महिन्यांच्या भाड्यासाठी बाई दर पगारातून थोडं बाजूला टाकायच्या, आणि ते थोडं म्हणजे बरोबर तेवढाच चौथा हिस्सा होता. तो गेला की उन्हाळ्याचं भाडं गेलं. उन्हाळ्याचं भाडं थकलं की घर गेलं. घरमालक प्रुइट वाईट माणूस नव्हता, पण पाच तारखेनंतर तो कुणाचा नव्हता. अकरा वर्षं बाई त्या घरात राहत होत्या. मागच्या अंगणात त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेला अंजीर आता छपराला टेकला होता.

नॉर्थब्लफ माहीत नसला तरी कर्ज कुठलं ते बाईंना माहीत होतं. मागच्या खोलीत ते रात्रंदिवस घुरघुरत होतं.

सात वर्षांपूर्वी हॅलोरन फर्निचरमधून त्यांनी डीप फ्रीझर घेतला होता. अकराशे चाळीस डॉलर, दुकानाच्याच उधारी कार्डावर. एकोणीस महिने हप्ता भरला, एक दिवस इकडचा तिकडे झाला नाही. मग खुब्याचं ऑपरेशन झालं, चार महिने बिनपगारी घरी. पुन्हा कामावर येऊन हप्ता पाठवला, तर पाकीट तसंच परत आलं. दुकान बंद झालं होतं. आज तिथे टायर विकतात.

त्यानंतर फोन सुरू झाले. पहिले फोन उद्धट होते, तेव्हा बाई सरळ ठेवून द्यायच्या. पण मागच्या वर्षी प्रेस्टन नावाच्या एका माणसाचा आला, तो अगदी मऊ आवाजाचा. तब्येत कशी आहे, खुबा आता दुखतो का, सगळं विचारलं. मग म्हणाला, "मिस व्हर्लीन, फ्रीझर तुम्हीच घेतला होता ना?" बाई म्हणाल्या, "हो सर, मीच. अजून छान चालतोय." तो म्हणाला, "मग सद्‌भावना म्हणून पंचवीस डॉलर भरता का आज? माझ्या वरच्या माणसाला दाखवायला." चांगल्या शब्दांत विचारणाऱ्याला नाही म्हणायचं बाईंच्या आईने शिकवलंच नव्हतं. त्यांनी भरले. वर त्याच्यासाठी प्रार्थना करीन असंही सांगितलं.

हे त्यांनी रोझेटाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रोझेटाने हातातला झारा फेकून मारला असता.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये बायबलचा वर्ग संपल्यावर बाईंनी ब्रदर हेगूडना गाठलं. लूशियस हेगूड चाळीस वर्षं कोर्टात कारकून होते. निवृत्त झाल्यापासून वर्गानंतर तळघरातल्या हॉलमध्ये कॉफीच्या भांड्याशेजारी बसत, आणि ज्याच्या हातात कोर्टाचा कागद असेल तो त्यांच्यापुढे रांग लावी. फी एक केकचा तुकडा.

त्यांनी सगळे कागद पाहिले आणि शेवटचं पान बाहेर काढलं. "सिस्टर टब्ज, हे वाचलंत?"

"पाहिलं. वकिली बोलणं आहे."

"हीच तर सगळी गोम आहे. यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी शपथेवर लिहून दिलंय की हा हिशेब बरोबर आहे. आपल्या कोर्टात याला उत्तर एकच. तुम्हीही शपथेवर नाकारायचं. तुम्ही म्हणालात पैसे नाहीत, तुम्ही म्हणालात व्याज फार लावलंय, की जज मान हलवतील आणि निकाल यांच्या बाजूने देतील. शपथेवर नाकारलंत, की सिद्ध करायची पाळी यांची." त्यांनी पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला. "हा भरा, नोटरीसमोर सही करा, बस."

फॉर्मवर मोठ्या अक्षरांत होतं, 'मी शपथपूर्वक नाकारते.'

बाईंनी फॉर्म वाचला आणि टेबलावर परत ठेवला. "हे माझ्याने व्हायचं नाही."

"का?"

"तो फ्रीझर माझ्या घरात आहे, ब्रदर हेगूड. आत्ता त्यात दोन टर्की आहेत. उजवा हात वर करून मी काय म्हणू, घेतलाच नाही?"

"तसं कोण म्हणतंय?"

"दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पांढरे हातमोजे घालून वर चर्चच्या दाराशी उभी राहते, लोकांना जागेवर नेऊन बसवते. त्याच हाताने खोटी शपथ घेऊ? घर गेलं तर जाईल."

हेगूडनी केकचा तुकडा खाली ठेवला. राग आला की त्यांचा आवाज उलट बारीक व्हायचा. "सिस्टर, चाळीस वर्षं मी त्या खोलीत बसलोय. खोटारडे तिथे हरत नाहीत. ते बेधडक नाही म्हणतात आणि घरी जातात. हरतात ती तुमच्यासारखी माणसं. त्यांना नुसतं विचारतात, 'देणं आहे ना?' आणि ती म्हणतात, 'हो सर.' कुणाचं, किती, कशावरून, यातलं एकही ती उलट विचारत नाहीत."

"मी विचार करते."

"विचार करायला नऊ तारखेपर्यंतच वेळ आहे."

बाईंनी फॉर्म पर्समध्ये टाकला आणि तीन आठवडे बाहेर काढला नाही. प्रत्येक पगाराची स्लिप मात्र त्या दोनदा वाचत होत्या. एकदा घरमालकाच्या गाडीचा आवाज ऐकून हातातली ताटली पडली. रोझेटा म्हणाली, "तुला भीती वाटते ते दिसतंय, पण तू करते आहेस काय ते दिसत नाही." दोघी दोन दिवस नीट बोलल्या नाहीत.

आणि मग सोमवारच्या आधीच्या गुरुवारी दुधाचा ट्रक आला.

ट्रकवाला डेलरॉय घाईत होता. त्याने क्रेट धडाधड उतरवले, आलेल्या मालाचं चलन लावलेली पाटी पुढे केली. "मिस व्हर्लीन, लवकर. आज पुलावर गाड्या तुंबल्यात."

बाई मोजल्याशिवाय सही करत नसत. डेलरॉयला ते माहीत होतं, म्हणून तो आभाळाकडे बघत उभा राहिला. अठ्ठावीस क्रेट. मागवले होते तेवढेच. बाईंनी चलन पाहिलं. त्यावर त्रेचाळीस होते, आणि वर नाव दुसऱ्याच शाळेचं होतं.

"हे काय आहे?"

"अरे देवा, कागद इकडचे तिकडे झाले असणार. चालतंय हो, करा सही. ऑफिसात नंतर जुळवतील."

"नाही."

"मिस व्हर्लीन! दूध मागवलंत ना तुम्ही?"

"मागवलं."

"आलं ना?"

"आलं."

"मग भांडण कशाचं आहे?"

"मी दूध नाही म्हणत नाही, डेलरॉय. मी म्हणतेय हे चलन माझं..."

बाई मध्येच थांबल्या. तोंड उघडंच राहिलं. डेलरॉयने घाबरून विचारलं, "छातीत दुखतंय का?"

"गप बस जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी पाटी त्याच्या हातात कोंबली आणि दुखऱ्या खुब्यानिशी जमेल तेवढ्या वेगाने पर्सच्या कपाटाकडे निघाल्या. त्यांनी हेगूडांचा फॉर्म काढला, समन्सचं शेवटचं पान शेजारी ठेवलं, आणि बावीस वर्षं चलन वाचतात तसं वाचलं. एकेक ओळ, बोट ठेवून. त्यावर फ्रीझर हा शब्द कुठेच नव्हता. हॅलोरनचं नाव एकदा होतं, मग दोन अनोळखी कंपन्या, मग नॉर्थब्लफ. कुणी कुणाला काय विकलं याचा एक कागद नव्हता. एकोणीस हप्त्यांचा उल्लेख नव्हता. फोनवरच्या पंचवीस डॉलरचासुद्धा नव्हता. नुसता आकडा, आणि खाली कुठल्या तरी बाईची सही, जिने तो फ्रीझर पाहिला नव्हता आणि व्हर्लीनलाही नाही.

"ही न मोजता सही करते," बाई मोठ्याने म्हणाल्या.

शाळेच्या ऑफिसातल्या मिसेस ब्रॅनम नोटरी होत्या. दुपारी बाईंनी त्यांच्यासमोर उजवा हात वर केला, मग फॉर्मवर सही केली.

सोमवारी कोर्टाच्या दालनाबाहेर शंभरेक माणसं होती. कुणी कामाच्या कपड्यांत, कुणी रविवारच्या. राखाडी सुटातला एक माणूस यादी घेऊन नावं पुकारत होता, इतका सराईतपणे की सगळ्यांना वाटत होतं तो कोर्टाचाच आहे. "वॉटली? या इकडे." वॉटली नावाचा म्हातारा गेला, दोन मिनिटं मान हलवली, सही केली, टोपी हातात घेऊन निघून गेला. त्याने आभारही मानले.

"टब्ज? व्हर्लीन टब्ज?"

"हो सर." शब्द सवयीने निघून गेला.

"या, आपण तुमचं चटकन मिटवून टाकू. महिना साठ डॉलर. हप्ता चुकला नाही तर पगाराला हात लागणार नाही. इथे सही." त्याने पेनसुद्धा उघडून दिलं.

साठ. बाईंच्या मनात ते लगेच बसलं. साठ जमले असते, ओढूनताणून. उन्हाळ्यात नाही, पण बाकी. हात पुढे गेला, पेन बोटांत आलं.

"तुम्ही कोर्टाचे का, सर?"

"मी नॉर्थब्लफचा वकील आहे, मॅम." तो हसला. "पण इथे सगळे मला ओळखतात."

बाईंनी कागद पाहिला. "यात हप्ता चुकला तर काय, ते कुठे लिहिलंय?"

"ते नेहमीचंच असतं. निकाल आमच्या बाजूने होतो, एवढंच."

"आणि हे चार हजार कसे झाले, ते?"

"ते कॉम्प्युटरवर आहे. मॅम, एक विचारू? तुमचं देणं आहे की नाही?" आवाज अगदी प्रेस्टनसारखा मऊ झाला. "आमच्याकडे नोंद आहे, तुम्ही फोनवर कबूल केलंय. पंचवीस डॉलर भरलेत सुद्धा. तुम्ही देवभीरू बाई दिसता. आता आत जाऊन जजसमोर नाही म्हणणार का?"

बाईंचे कान तापले. मागे कुणीतरी खोकलं. त्यांना वाटलं सगळी माणसं ऐकताहेत. हो सर, हे दोन शब्द जिभेवर आले होते.

"तुमच्याकडे त्या पंचविसांची नोंद आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे तर."

"मग ते तुमच्या शपथेच्या कागदात वजा का नाहीत?"

वकिलाने यादीकडे पाहिलं. बाईंनी पेनाचं टोपण लावून ते त्याला परत दिलं. "मी न मोजता सही करत नाही, सर. सवय नाही."

"जजना वेळ वाया घालवणारे आवडत नाहीत," तो म्हणाला. आता आवाज मऊ नव्हता.

आत न्यायाधीश एक ठेंगण्या, केस पिकलेल्या बाई होत्या आणि फार भरभर बोलत. नाव पुकारलं की वकील म्हणे, "शपथेवरचा हिशेब, प्रतिवादी गैरहजर," आणि त्या म्हणत, "निकाल वादीच्या बाजूने." एका मिनिटात चार. बाईंना रोझेटाची आठवण झाली. असंच कधीतरी, असंच एका दमात, तिचे चौदा महिने गेले असणार.

"टब्ज."

"हजर आहे, मॅम." बाई पुढे गेल्या आणि फॉर्म दिला. "मी शपथेवर नाकारतेय."

न्यायाधीशांनी वर पाहिलं. "हात वर करा. काय नाकारता?"

बाईंनी हात वर केला. आणि मग त्यांच्याने राहवलं नाही. "जजसाहेब, आधी सांगते. फ्रीझर मी घेतला होता."

वकील ताडकन पुढे झाला. "युअर ऑनर, प्रतिवादीने कबूल केलं आहे. आम्ही निकालाची विनंती..."

"त्यांचं बोलणं होऊ द्या," न्यायाधीश म्हणाल्या, पण हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं. "मिस टब्ज, घेतला होता तर नाकारता काय?"

हेगूड म्हणाले होते तेच झालं होतं. त्यांनी श्वास घेतला आणि मागच्या दाराशी उभ्या असल्यासारखं बोलायला सुरुवात केली.

"मॅम, मी शाळेत माल उतरवून घेते. दूध मी मागवते. पण ट्रकवाल्याने दुसऱ्या शाळेचं चलन पुढे केलं, वर आकडा भलताच, तर मी सही करत नाही. दूध आलेलं असलं तरी. फ्रीझर मी हॅलोरनकडून घेतला, अकराशे चाळीसला. एकोणीस हप्ते भरले, पावत्या घरी आहेत. या सरांच्या कंपनीकडून मी काही घेतलं नाही. ते म्हणतात त्यांनी माझा हिशेब विकत घेतला, तर ती खरेदी कागदावर नाही. माझे हप्ते कागदावर नाहीत. मागच्या वर्षी यांनीच माझ्याकडून पंचवीस घेतले, तेही नाहीत. मी फ्रीझर नाकारत नाही. हा कागद बरोबर आहे हे मी नाकारते, आणि त्यावर शपथ घेते."

दालनात थोडी कुजबुज झाली. न्यायाधीशांनी पेन उचललं.

"वकीलसाहेब, साक्षीदार आणलाय?"

"आज नाही, युअर ऑनर."

"खरेदीचे कागद?"

"मागवता येतील. मुदत मिळावी."

"चार आठवडे."

ते चार आठवडे त्या तीन आठवड्यांपेक्षा वाईट गेले. आता बाईंना आशा होती, आणि तिने झोप उडवली. कागद खरंच आले तर? बाईंनी पावत्या बुटाच्या खोक्यातून काढून तारखेवार लावल्या. फ्रीझरमधली एक टर्की काढून हेगूडना दिली. ते म्हणाले, "फी वाढली वाटतं." मग गंभीर होऊन म्हणाले, "जिंकाल असं मी म्हणणार नाही. पण आता त्यांना काम करावं लागेल, आणि काम करायला त्यांना परवडत नाही."

दुसऱ्या तारखेला राखाडी सूटवाला नव्हताच. दुसरीच एक तरुण वकील होती, हातात तीच फाईल, तेवढीच बारीक. रोझेटा रजा टाकून बाईंच्या शेजारी बसली होती आणि दर नावाला बाईंचा हात चिमटत होती.

"टब्ज."

वकिलीणबाईंनी फाईल उघडली, मिटली. "आम्ही दावा मागे घेत आहोत, युअर ऑनर."

"मागे घेतला," न्यायाधीश म्हणाल्या. "मिस टब्ज, ते पुन्हा दावा लावू शकतात, हे लक्षात असू द्या. आज तुम्ही जाऊ शकता." आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर पायऱ्यांवर रोझेटा नाचायचीच बाकी होती. "एवढंच? एवढ्यासाठी माझे चौदा महिने गेले? मला का नाही कुणी सांगितलं, व्हर्लीन?" आणि हसता हसता ती एकदम रडायला लागली. बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या, बराच वेळ.

पुढचा पगार पूर्ण आला. बाईंनी नेहमीसारखा चौथा हिस्सा बाजूला टाकला. जून आणि जुलै त्याच घरात निघाले. अंजीर भरपूर लागले.

सप्टेंबरात एका सकाळी डेलरॉय क्रेट उतरवत असताना बाईंचा फोन वाजला.

"मिस व्हर्लीन टब्ज? कशा आहात? मी सेडर पॉइंट अकाउंट्समधून बोलतोय. एका जुन्या खात्याबद्दल..." आवाज अतिशय गोड होता.

"कागद पाठवा," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासूनचे सगळे. आले की मोजीन."

"पण मॅम, देणं तर तुमचंच..."

"कागद पाठवा, सर. देव तुमचं भलं करो." त्यांनी फोन एप्रनच्या खिशात टाकला.

डेलरॉय पाटी पुढे धरून उभा होता. बाईंनी क्रेटच्या थप्पीकडे पाहिलं. बोलण्यात आकडा चुकला होता.

"थांब," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागल्या.